आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा फलक

ग्रामीण महाराष्ट्रातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात पाऊल टाकले, की भिंतीवरचे फलक प्रथम नजरेत भरतात. लसीकरणाचे वेळापत्रक, बाह्यरुग्ण विभागाची वेळ, रुग्णवाहिकेचा क्रमांक, नागरिकांची सनद, क्षयरोगाची सूचना असे बरेच काही तेथे लिहिलेले असते. काही फलकांचा रंग उडालेला असतो, काही नुकतेच लावलेले असतात. रुग्ण व त्यांचे नातेवाईक त्याच फलकांखालच्या बाकांवर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतात. फलक मात्र क्वचितच कोणी वाचतो. त्यात नवल नाही. अंगात ताप असताना किंवा घरातील सुनेला कळा सुरू झाल्या असताना भिंतीवरचा मजकूर वाचण्याची मनःस्थिती कोणाची असणार? हा मजकूर दुखणे येण्यापूर्वीच ठाऊक असावा लागतो. आजारपणात रुग्ण दगावण्यामागे औषधाच्या अभावाइतकेच माहितीच्या अभावाचेही कारण अनेकदा असते.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या सीरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये 'तीन विलंबां'ची मांडणी केली. उपचार घ्यायचा हे ठरविण्यातला विलंब पहिला, उपचाराच्या ठिकाणी पोहोचण्यातला दुसरा आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला तिसरा. ही मांडणी बाळंतपणासंदर्भात झाली असली, तरी सर्पदंशापासून हृदयविकारापर्यंत सर्वत्र ती लागू पडते. रस्ता, वाहन, डॉक्टर आणि औषधे या गोष्टी शासनाच्या हाती आहेत. परंतु पहिला विलंब घरातच घडतो आणि तो कमी करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नेमकी माहिती. या दृष्टीने आरोग्य केंद्राचा फलक म्हणजे केवळ शोभेची पाटी नव्हे, तर उपचाराची पहिली पायरी होय.

केंद्र कोणाचे, किती गावांचे?

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर ती प्रत्यक्षात येऊ लागली. आजच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे लागते. त्याच्या खाली, अनुक्रमे ५ हजार व ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. महाराष्ट्रात अशी अठराशेहून अधिक आरोग्य केंद्रे आणि दहा हजारांहून अधिक उपकेंद्रे आहेत.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी असतात. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र राज्याच्या आरोग्य विभागाकडे असून त्यांवर जिल्हा शल्यचिकित्सकांचे नियंत्रण असते. एका दाराची तक्रार दुसऱ्या दारी नेल्याने अनेकांचे हेलपाटे होतात, ते या भेदाची माहिती नसल्यामुळे.

वेळ आणि केसपेपर

भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार केंद्रातील बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातील सहा दिवस, दररोज सहा तास चालावा अशी अपेक्षा आहे. त्यातील चार तास सकाळचे व दोन तास दुपारनंतरचे. नेमकी वेळ फलकावर लिहिलेली असते. ती वेळ संपली म्हणजे दवाखाना बंद झाला, असा समज मात्र चुकीचा आहे. बाळंतपण, अपघात, दंश यांसारख्या तातडीच्या प्रसंगी सेवा चोवीस तास मिळावी, हाच केंद्राचा हेतू आहे. मुक्कामी रुग्णांसाठी तेथे खाटांचीही व्यवस्था असते.

शुल्काच्या बाबतीत महत्त्वाचा बदल २०२३ मध्ये झाला. राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आरोग्य संस्थांमध्ये तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. केसपेपरसाठीही पैसे घेणे थांबले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या संस्था त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये वेगळ्या खात्याची असल्याने त्यांचा या निर्णयात समावेश नव्हता. जुन्या फलकांवर जुने दरपत्रक तसेच राहिले असेल, तर ते पुसून टाकण्याची मागणी करण्यास काहीच हरकत नाही.

दंश: जेथे मिनिटे मोजावी लागतात

पावसाळ्यात शेतात, गोठ्यात आणि जमिनीवर झोपणाऱ्यांच्या अंथरुणात साप निघतो. एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. बाजारात व सरकारी दवाखान्यात मिळणारे प्रतिसर्पविष या चारही सापांच्या विषांवर चालते. म्हणूनच साप मारून तो दवाखान्यात आणण्याची गरज नसते. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्या दंशाचा धोका संभवतो.

दंशानंतर काय करावे, यापेक्षा काय करू नये हे अधिक लोकांना सांगावे लागते. जखमेवर काप घेऊ नये, विष तोंडाने ओढू नये, दोरीने करकचून आवळू नये. देवऋषी-मांत्रिकाकडे तर वेळ दवडूच नये. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. मण्यारीबाबत अधिक सावध राहावे लागते. ती बहुधा रात्री झोपेत चावते, वेदना फारशा होत नाहीत, दाताची खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणे दिसली, तर साप पाहिला नाही म्हणून थांबू नये.

केंद्रात गेल्यावर डॉक्टर लगेच इंजेक्शन देत नाहीत, म्हणून नातेवाईक संतापतात. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. प्रत्येक दंशात विष शिरतेच असे नाही, आणि प्रतिसर्पविषाची स्वतःचीच तीव्र ॲलर्जी येऊ शकते. त्यामुळे विषबाधेची लक्षणे असतील तरच ते द्यावयाचे असते. घोणस वा फुरसे चावल्याची शंका असेल, तर रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही, तर विष रक्तात भिनले आहे असे समजतात. या चाचणीला कोणतेही यंत्र लागत नाही. लहान मुलालाही प्रतिसर्पविषाची मात्रा मोठ्यांइतकीच द्यावी लागते, कारण सापाने सोडलेले विष माणूस लहान की मोठा हे पाहत नाही. लक्षणे नसलेल्या रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

ग्रामीण आरोग्य केंद्रात काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण कोकणातीलच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला. रक्तदाबावरील 'प्राझोसिन' या साध्या गोळीचा त्यावर उपयोग होतो, हे त्यांनी दाखवून दिले. तो शोधनिबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या उपचारामुळे पूर्वी दगावणारे असंख्य रुग्ण वाचू लागले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

श्वानदंशाची गोष्ट निराळी. येथे मिनिटांऐवजी दिवस मोजावे लागतात, पण चूक तितकीच जीवघेणी ठरते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार. त्यावर हळद, चुना, तिखट लावू नये. त्वचेत देण्याच्या पद्धतीत लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. रक्त निघालेल्या खोल जखमेत लसीबरोबरच प्रतिरेबीज सीरमही टोचावे लागते. ते केंद्रात नसेल, तर कोठे मिळेल हे त्याच वेळी विचारून घ्यावे. कुत्रा पाळलेला आहे किंवा जखम भरून आली आहे, म्हणून उरलेले डोस सोडून देणे धोक्याचे आहे.

बाळंतपण: उपकार नव्हे, हक्क

जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थेतील बाळंतपण पूर्णतः मोफत आहे. त्यात सिझेरियन शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि आवश्यक ते रक्त यांचा समावेश होतो. नेहमीच्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस मातेला आहार मिळावा, अशी तरतूद आहे. घरापासून दवाखान्यापर्यंत, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यापर्यंत आणि पुन्हा घरापर्यंतचा प्रवासही विनामूल्य आहे. या शेवटच्या प्रवासाची माहिती फार थोड्यांना असते. परिणामी ओली बाळंतीण तान्ह्या बाळाला घेऊन भाड्याच्या जीपमधून घरी परतताना दिसते. आजारी अर्भकासाठीच्या सवलती प्रारंभी ३० दिवसांपर्यंत होत्या. पुढे त्या एक वर्षापर्यंत वाढविण्यात आल्या.

जननी सुरक्षा योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींतील ग्रामीण मातेला संस्थेत बाळंतपण झाल्यास महाराष्ट्रात ७०० रुपये मिळतात. रक्कम लहान असली, तरी बँक खाते व कागदपत्रे आधीच तयार ठेवली नाहीत तर तीही अडकून पडते. आशाताईकडे नाव लवकर नोंदविण्याचा हा एक फायदा. दुसरा अधिक मोलाचा. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची विशेष तपासणी होते. रक्तदाब वाढलेला आहे, हिमोग्लोबिन फार कमी आहे किंवा आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले आहे, अशी जोखीम त्या दिवशी उमगली, तर बाळंतपण कोठे करायचे हे आठवडे अगोदर ठरविता येते. कळा सुरू झाल्यावर घेतलेला निर्णय आणि त्याआधी शांतपणे घेतलेला निर्णय यांत जीवनमरणाचे अंतर पडू शकते.

लसीकरणाचा वार ठरलेला का असतो?

'आज या, उद्या नको' असे सांगितले, की पालकांना तो कर्मचाऱ्यांचा कंटाळा वाटतो. वस्तुतः त्यामागे लसीचे स्वरूप असते. लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात जपाव्या लागतात. बीसीजी आणि गोवर-रुबेला यांसारख्या लसींची कुपी एकदा विरघळवून उघडली, की चार तासांच्या आत संपवावी लागते. उरलेले डोस फेकून द्यावे लागतात. एका कुपीत अनेक बालकांचे डोस असल्याने ठरावीक वारी सर्वांना एकत्र बोलाविणे सोयीचे ठरते. हे कारण कर्मचाऱ्यांनी पालकांना समजावून सांगितले, तर अर्धी नाराजी तेथेच संपेल.

जन्मल्यावर लगेच, मग सहा, दहा व चौदा आठवड्यांनी, पुढे नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि सोळा ते चोवीस महिन्यांत असे लसीकरणाचे मुख्य टप्पे आहेत. एखादा टप्पा चुकला म्हणून सारे वाया गेले असे समजू नये. राहिलेले डोस पुढे देता येतात. ऊसतोडणीसाठी किंवा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी बाळाचे कार्ड सोबत ठेवावे. ज्या गावी मुक्काम असेल, तेथील केंद्रात लस मिळते.

न दुखणारे आजार

रक्तदाब आणि मधुमेह हे दुखत नाहीत, म्हणून दवाखान्याची पायरी चढविली जात नाही. उपकेंद्रांचे रूपांतर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिरां'त होत असून तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जात आहेत. वयाची तीस वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह तसेच तोंडाच्या, आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तनांच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी करणे हे या सेवेत अपेक्षित आहे. गोळ्या सुरू झाल्या, की बरे वाटते म्हणून त्या बंद करणे ही ग्रामीण आणि शहरी अशा दोन्ही भागांतली नेहमीची चूक.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची तपासणी आणि संपूर्ण उपचार मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेखाली उपचारकाळात पोषणासाठी मिळणारी दरमहा ५०० रुपयांची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यात आली आहे.

पुढे पाठविण्याची चिठ्ठी

प्राथमिक आरोग्य केंद्राची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. तेथे शस्त्रक्रियातज्ज्ञ नसतो, कृत्रिम श्वसनयंत्र नसते. त्यामुळे रुग्णाला पुढे पाठविणे म्हणजे जबाबदारी झटकणे, असे सरसकट म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो कसे पाठविले जाते याचा. सर्पदंशाच्या रुग्णाला पहिला डोस देऊन, श्वासावर लक्ष ठेवून, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून आणि पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनी करून पाठविणे ही झाली संदर्भसेवा. कोऱ्या चिठ्ठीवर दोन शब्द खरडून वाटेला लावणे ही सेवा नव्हे. चिठ्ठीवर कोणते औषध, किती मात्रेत आणि किती वाजता दिले हे असावे, तसेच कोणत्या कारणासाठी पाठविले याची नोंद असावी. नातेवाइकांनी ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. पुढच्या डॉक्टरची बरीच मिनिटे त्यामुळे वाचतात.

फलकावर काय असावे?

वरील सारी माहिती एका भिंतीवर मावणार नाही, हे उघड आहे. तरीही पुढील गोष्टी प्रत्येक केंद्रात मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत असणे आवश्यक वाटते.

- बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि आज कर्तव्यावर असलेले वैद्यकीय अधिकारी.
- तपासणी व उपचार मोफत असल्याची स्पष्ट सूचना.
- प्रतिसर्पविष आणि रेबीजची लस आज उपलब्ध आहे की नाही. नसल्यास सर्वांत जवळ कोठे आहे.
- लसीकरणाचा वार, गरोदर मातांच्या तपासणीची तारीख.
- १०८ आणि १०२ या रुग्णवाहिकांचे क्रमांक, तसेच आरोग्यविषयक सल्ल्यासाठीचा १०४.
- तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयांचे दूरध्वनी.

यांतील तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच बहुधा नसते. कारण इतर ओळी एकदा रंगवल्या की वर्षानुवर्षे चालतात, ही ओळ मात्र रोज खडूने लिहावी लागते. 'आज उपलब्ध नाही' असे लिहिणे कोणत्याही कार्यालयाला अवघड जाते. त्यात कमीपणा वाटतो, वरिष्ठांच्या विचारणेची धास्ती असते. परंतु औषध नसल्याचे रुग्ण दारात आल्यावर सांगण्यापेक्षा ते सकाळीच आशाताई, ग्रामपंचायत आणि शाळा यांना कळविले, तर जीप थेट योग्य दिशेने वळेल. खरी माहिती देणारा अर्धा फलक खोटा दिलासा देणाऱ्या पूर्ण फलकापेक्षा अधिक उपयोगाचा.

विचारणा कोणी, कोठे करावी?

अशी विचारणा करण्याची साधने कागदावर तरी पुष्कळ आहेत. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून केंद्रस्तरावर रुग्ण कल्याण समित्या स्थापन झाल्या. त्यांत लोकप्रतिनिधी, अधिकारी व स्थानिक नागरिक यांचा सहभाग अपेक्षित आहे. गावपातळीवर आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती असते. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. त्यातील जनसुनवायांमध्ये गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर आपले अनुभव मांडले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमानुसार तर सार्वजनिक संस्थेने आपली कर्तव्ये आणि कामकाजाची माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाची आहे. भिंतीवरचा फलक हा त्या कर्तव्याचाच साधासुधा आविष्कार होय.

अर्थात, विचारणा आणि दमदाटी यांत अंतर आहे. एकाच वैद्यकीय अधिकाऱ्यावर बाह्यरुग्ण विभाग, रात्रीची बाळंतपणे, शिबिरे, बैठका आणि अहवाल यांचा भार असतो. रिक्त पदे, नादुरुस्त निवासस्थाने आणि अपुरा औषधसाठा यांची उत्तरे त्याच्या खिशात नसतात. डॉक्टरवर हात उगारण्याने औषध येत नाही, उलट जो आहे तो डॉक्टरही बदली मागून जातो. अशा हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, पण कायद्यापेक्षा गावाची समजूत अधिक उपयोगी ठरते.

येत्या ग्रामसभेत रस्ता, पाणी आणि दिवाबत्तीच्या बरोबरीने एक साधा प्रश्न विषयपत्रिकेवर घेता येईल. आपल्या आरोग्य केंद्रात आज प्रतिसर्पविष आहे का, आणि ते नसेल तर गावाला कोण कळविणार? उत्तर देण्यासाठी वैद्यकीय अधिकारी आणि आशाताई यांना सन्मानाने बोलवावे. जे ठरेल, ते फलकावर लिहावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. यासाठी कोणत्याही नव्या योजनेची किंवा निधीची वाट पाहावी लागणार नाही. पावसाळ्यापूर्वी एवढे झाले, तरी एखाद्या घरातला पहिला विलंब टळेल.